खुडायची खोड

आमच्या गावात माणसांपेक्षा मॅग्नोलियाची झाडं जास्त आहेत, पण त्याचं फूल कसं दिसतं असं विचारलंत, तर अर्धा गाव डोकं खाजवेल. कारण सोपं आहे. आम्ही फूल होऊच देत नाही. हिवाळ्यात झाडावर एकही पान नसतं, तेव्हा फांद्यांच्या टोकांना करड्या लवेच्या कळ्या येतात, हात लावला तर मांजराच्या पिल्लाच्या पंजासारख्या लागतात. त्या उमलायच्या आत खुडायच्या, उन्हात वाळवायच्या आणि औषधवाल्याला द्यायच्या. चोंदलेल्या नाकावर यासारखा उपाय नाही. सर्दी झाली की आम्ही त्या कळ्या अंड्यांबरोबर उकडतो, अंडी खातो आणि वर ते पाणीही पितो. सगळ्या चीनचं नाक आमच्या नानझाओच्या डोंगरामुळे मोकळं होतं, असं गावातली माणसं पाहुण्यांना सांगतात. पाहुणे हो म्हणतात, कारण तेवढ्यात त्यांच्यापुढे अंडी आलेली असतात.

या खुडण्याच्या कामात खोऊ मानत्सांग या माणसाचा हात धरणारा कुणी झाला नाही. तोंडावर आम्ही त्यांना मानत्सांगकाका म्हणतो आणि पाठीमागे चिमटाकाका. अंगठा आणि तर्जनी, बस्स. फांदीला धक्का नाही, शेजारच्या कोंबाला इजा नाही, कळी पिशवीत. सत्तरी ओलांडली तरी शिडीवर असे चढायचे की खाली उभ्या असलेल्यानं डोळे मिटून घ्यावेत. पण असा हात असला की त्याला सुट्टी देता येत नाही. काका बोलताना खुडायचे, भांडताना खुडायचे. माझं नूडल्सचं दुकान त्यांच्या अंगणासमोर, रस्त्याच्या अलीकडे. दुकानाच्या दारात मी हौसेनं कोथिंबिरीची कुंडी ठेवली होती. काका दोन दिवस तिच्याशेजारी बसून हवापाण्याच्या गप्पा मारत होते. तिसऱ्या दिवशी मी कुंडीत लसूण लावला.

"त्याची बोटं झोपेतसुद्धा खुडतात गं," काकांची बायको, आमच्या बाओछिनकाकू, मला सांगायच्या. "ती बोटं! लग्नातल्या रजयांचे टाके उसवले पहिल्याच रात्री. तेव्हापासून पेटीत घालून कुलूप लावलंय. तो पांघरतो जुनी गोधडी, खुडू दे तिला."

आता काकू तरी काय कमी होत्या? एकेकाळी या डोंगरात त्यांच्या हाताचंही नाव होतं. दोघांची ओळखच एका झाडावर झाली. एका बाजूला काकांची शिडी, दुसऱ्या बाजूला काकूंची, आणि मधल्या फांदीवरच्या कळ्या कुणाच्या यावरून भांडण. ते भांडण पुढे संसारभर चाललं. मग गुडघे धरले, काकूंनी शिडी सोडली आणि ओट्यावर बसून कळ्या निवडायला लागल्या.

त्यांच्या अंगणात एक झाड आहे. घर बांधलं तेव्हा काकूंनी स्वतः लावलेलं, आता छपराच्या वर गेलेलं. दर हिवाळ्यात काकू म्हणायच्या, "या एकाला राहू दे रे. मला बघायचंय कसं दिसतं."

"काय बघायचंय त्यात?" काका शिडीवरून म्हणायचे. "पांढरं असतं. चार दिवसांनी तपकिरी होऊन खाली पडतं. मग तूच झाडू घेऊन माझ्या नावानं ओरडशील."

"ओरडेन. पण बघून ओरडेन."

तीन हिवाळ्यांपूर्वी काका शेवटी हो म्हणाले. मुलगा, सून, नातू सगळ्यांसमोर नवीन वर्षाच्या जेवणात पेला उचलून म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात अंगणातल्या झाडाला हात लावणार नाही." काकूंचे डोळे भरून आले. मी तिथंच होते, वाढत होते. मलाही वाटलं, चला, माणूस सुधारला.

जित्याची खोड. पुढचा हिवाळा आला, कळ्या धरल्या, आणि एक दिवस काकू भाचीच्या लग्नासाठी केस कुरळे करून घ्यायला तालुक्याला गेल्या. दुपारी परतल्या ते डोक्यावर शेवयांचं जंगल घेऊन, खुशीत. अंगणात शिरल्या आणि थांबल्या. झाड बोडकं होतं. वरपासून खालपर्यंत एक कळी म्हणून शिल्लक नव्हती. काका खाली पिशवी धरून उभे.

"बाओछिन, ऐक तर. पोराचा फोन आला होता. बोलता बोलता खालची फांदी कधी झाली, मला कळलंच नाही. शपथ."

"आणि वरची?"

"वरची... अगं, एक बाजू बोडकी आणि एक बाजू भरलेली, फार वाईट दिसत होतं. म्हटलं, सारखं करून टाकावं."

"सारखं."

"हो ना. आता बघ, सगळीकडून सारखं आहे."

काकू ओरडल्या असत्या तर मी दुकानात परत गेले असते. त्या ओरडल्या नाहीत. घरात गेल्या, बॅग भरली, कुरळ्या केसांवर रुमाल बांधला आणि रस्त्यावर येऊन बसगाडीला हात दाखवला. पायरीवर एक पाय ठेवून म्हणाल्या, "या झाडाला फूल आलं की कळव. तोवर बोटांना सांग, नूडल्स शिजवा."

बस झेंगझोऊच्या दिशेनं गेली. मुलगा तिथं, शहरात राहतो. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, नातू शाळेत, त्यामुळे रागावून आलेली आजी त्यांना लॉटरीसारखी लागली. मुलगा फोनवर म्हणायचा, "बाबा, आई इथं मजेत आहे." ते खरं होतं, हीच पंचाईत. काकू तिथल्या बागेत बायकांच्या नाचाच्या गटात शिरल्या. मला फोटो यायचे. लाल पंखा, लाल ओढणी, कुरळे केस, आणि असं हसू की मला जरा हेवाच वाटला.

इकडे काकांना नूडल्स शिजवता येत नव्हत्या. म्हणजे तिन्ही वेळा ते माझ्या दुकानात. मी माणसाला नावं ठेवत नाही, पण एकच गिऱ्हाईक तिन्ही वेळा समोर बसून आधी उसासा आणि मग सुर्रकन नूडल्स ओढत असेल तर दुकानाचं तोंड आंबट होतं. वर प्रत्येक वेळी एकच प्रश्न, "हुइलान, येईल ना गं ती?"

"झाडाला फूल आणा, येतील."

"आणतोच," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन निघाले.

माझा नवरा दशंग रोपवाटिकेत कलमं बांधतो. आयुष्यभर मॅग्नोलियाच्या फांद्या कापून जोडत आलाय, त्यामुळे बोलण्यातही काटकसर करतो. त्यानं काकांना बुंध्याभोवती खणताना पाहिलं आणि रस्ता ओलांडून तो गेला.

"कुदळ खाली ठेवा. याची मुळं मऊ असतात, वरवरच पसरतात. घाव बसला की झाड रुसतं."

"मग कोंबडीचं खत नुसतं वरून टाकतो. तीन टोपल्या आणल्यात."

"मुळं जळतील."

"बरं. मग छाटणी करतो."

"कळी फांदीच्या टोकाला धरते. टोकं कापलीत तर फूल कुठून येणार?"

काकांनी कात्री पण खाली ठेवली. "मग करू काय मी?"

"कुजलेला पाला पसरा बुंध्याशी. उन्हाळ्यात पाणी. बाकी काही नाही."

"बाकी काही नाही म्हणजे?"

"म्हणजे लांब राहा, काका. त्याला एकटं सोडणं हीच त्याची काळजी."

काका हे ऐकून इतके खचले की त्या दुपारी त्यांनी अर्धाच वाडगा खाल्ला. झाडाला हात लावण्यात ज्याची हयात गेली, त्याला लांब राहा म्हणणं ही शिक्षाच. पण त्यांनी ती भोगली. पाला पसरला. उन्हाळ्यात पाऊस लांबला तेव्हा माझ्या दुकानातलं भाज्या धुतलेलं पाणी बादलीनं नेऊन सावकाश घालायचे आणि घालून झालं की दोन्ही हात पाठीमागे बांधून झाडाला प्रदक्षिणा मारायचे. कोंबडीचं खत शेवटी माझ्या लसणाला मिळालं. लसूण मात्र झकास आला.

पानगळ झाली आणि झाड उघडं पडलं. फांदी फांदीला कळ्या, एवढ्या कळ्या मी त्या झाडावर कधीच पाहिल्या नव्हत्या. मी खूश होऊन काकांकडे पाहिलं तर काकांचा चेहरा पडलेला.

"हुइलान, माझ्या हातांचं काहीतरी कर."

"काय झालं हातांना?"

त्यांनी खिशातून मूठ बाहेर काढून उघडली. कळ्या होत्या. "नुसता उभा होतो गं. झाडाला म्हणत होतो, वा, छान आलास. घरात जाऊन खिशात हात घातला तर ह्या."

मग मी त्यांना हातमोजे शिवले. बोटांचे नव्हे, आणि अंगठासुद्धा वेगळा ठेवला नाही, कारण या माणसाला अंगठा दिला की तो उद्योग करणार. जाड निळं कापड, आत कापूस, मनगटाला नाडी, आणि दोन्ही मोजे जोडणारी एक दोरी मानेमागून, लहान पोरांना बांधतात तशी. काकांनी हात घातले तर मनगटाला दोन उशा लावल्यासारखे दिसायला लागले. नाड्यांच्या गाठी मी बांधायच्या आणि मीच सोडायच्या, असं ठरलं.

गावानं काय मजा घेतली म्हणून सांगू! "काका, मुष्टियुद्धाला कुठं निघालात?" "काका, जरा ही सुई ओवून द्या ना." काका कुणाला उत्तर द्यायचे नाहीत. दुकानात येऊन वाडगा दोन उशांमध्ये धरायचे आणि तोंड लावून ओढायचे. रस्सा दाढीला, नूडल्स नाकाला. मी आधीच सांगितलं होतं, भरवणार नाही. पण एकदा चमच्यानं दोन घास भरवले. कुणी बघत नव्हतं.

आता आमच्याकडे एक रीत आहे. खुडण्याच्या दिवसांत गल्लीतले सगळे मिळून एकेकाची झाडं करतात. आज तुझी, उद्या माझी. काकांनी आपल्या झाडाला कुणी हात लावू नये म्हणून बुंध्याला लाल फडकं बांधलं. डोकं लढवलं, पण नवीन वर्ष तोंडावर आलं होतं. सणाचं लाल फडकं तेव्हा प्रत्येकाच्याच झाडाला होतं.

त्यातच काकांची दाढ दुखायला लागली. ते तालुक्याला दाढ काढायला गेले. डॉक्टरांसमोर उशा घालून कसं जायचं म्हणून हातमोजे माझ्याकडे ठेवून गेले. दुपारी बसमधून उतरले ते गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. आणि अंगणात पाहतात तर शेजारचा शिचाई त्यांच्याच झाडावर. शिचाईचं नाक बारा महिने चोंदलेलं असतं, आणि काकांच्या खालोखाल खुडण्यात गावात त्याचंच नाव. घराकडची बाजू त्यानं संपवली होती.

"उम्म! उम्म!" काका खालून ओरडले.

"अहो उपकार कसले, काका!" शिचाई वरून म्हणाला. "तुमचं वय झालं. म्हटलं, एवढं तरी करावं शेजाऱ्यानं." आणि त्यानं हात भरभर चालवला.

"उम्म-म्म!"

"नको नको, जेवायला नको. घरी करून ठेवलंय."

काकांनी शिडी धरून गदागदा हलवली. शिचाईला वाटलं, म्हातारा शिडी पकडून मदत करतोय. शेवटी हा ओरडा ऐकून मी चुलीपासून हातात झारा घेऊन धावले आणि रस्त्यातूनच ओरडले, "शिचाई! उतर खाली, मेल्या! ते काकूंचं झाड आहे!"

शिचाईचा हात हवेत थांबला. त्यानं झाडाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला झारा खाली घ्यावा लागला. बिचारा उतरला आणि भरलेली पिशवी काकांपुढे धरली. काका त्या पिशवीत बघत राहिले. सुजलेल्या गालावरून पाणी ओघळलं. ते दाढेचं होतं असं ते अजून सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि पहिली नजर समोरच्या अंगणात गेली. काका शिडी लावून झाडाखाली उभे. हात मोकळे.

मी हातमोजे घेऊन गेले. "काका, काय चाललंय?"

"एक बाजू बोडकी आहे, हुइलान."

"दिसतंय मला."

"बघवत नाही. बोटं शिवशिवतात. सारखं केलं की बरं वाटेल असं वाटतं."

"मागच्या वेळी बरं वाटलं होतं?"

ते शिडीच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, रागावलीय, येईल आठ दिवसांत. तोवर तुझ्याकडे खाईन. पोट भरतं गं. पण सकाळी उठलं की माझ्यावर कुणी ओरडत नाही. चप्पल कुठेही काढली तरी कुणी काही बोलत नाही. परवा मी मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकला आणि वाट बघत बसलो. मला तिच्याशिवाय राहवत नाही. हे तिला सांगू नकोस."

"सांगायलाच तर पाहिजे."

"सांगितलं तर डोक्यावर बसेल."

"बसू दे की. तिथं तरी काय आहे तुमच्या?"

त्यांनी टकलावरून हात फिरवला आणि दोन्ही हात माझ्यापुढे केले. मी हातमोजे चढवले, गाठी मारल्या. "शिडी पण ने," ते म्हणाले. मी शिडी दुकानात नेली. वसंतापर्यंत गिऱ्हाइकं तिच्यावर कोट अडकवत होती.

आणि मग ते झाड उमललं. आधी कळीचं लवेचं टोपण गळलं, मग पांढरं टोक दिसलं, मग एका उबदार सकाळी रस्त्याकडची बाजू पांढरी झाली. पाकळ्यांच्या बुडाशी जांभळट छटा होती. मीही याच गावची, पण एवढं उमललेलं झाड जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. लोक काम टाकून बघायला आले. शिचाई दारात उभा राहून म्हणाला, "अरे, म्हणजे हे असं दिसतं होय!" नाक चोंदलेलं असल्यामुळे वास कसा आहे ते त्यानं मला विचारलं. मी त्याला थोडा तिखट, थोडा गोड असं सांगितलं आणि त्यानं समाधानानं मान डोलावली.

काकांच्या हातमोज्यांना फोनचं बटण दाबता येईना, म्हणून फोटो मी काढला. काका मागून सूचना देत होते, "बोडकी बाजू येऊ देऊ नकोस. तिला वाटेल मीच खुडली." म्हणून मी अर्धंच झाड घेतलं आणि पाठवलं. फोनवर काकूंचा बोललेला निरोप आला, "म्हाताऱ्या, मला फसवतोस? हे तालुक्याच्या बागेतलं झाड आहे. अर्धंच का काढलंस? दुसऱ्या अर्ध्यात बागेचा रखवालदार उभा असेल!"

"पूर्ण फोटो पाठवू या का?" मी विचारलं.

"वेडी आहेस? पूर्ण बघितलं तर कायमची तिकडे राहील."

अर्धं झाड पाठवलं तर खोटं, पूर्ण पाठवलं तर गुन्हेगार. आणि फुलं काय, काकांनीच सांगितलं होतं, चार दिवसांची. काका दुकानात येऊन बसले तर नूडल्स गार होईपर्यंत झाडाकडेच बघत होते.

त्यातच थंडी उलटली. आमच्याकडे वसंत एकदा आला की पुन्हा मागे फिरून एक तडाखा देतोच. दुपारी वारा फिरला. दशंग घरी आला तो आभाळाकडे बघत. "उद्या पहाटे हिव पडणार. उघड्या फुलांचा चिखल होईल. झाका."

"प्लास्टिक आणू?" काका उठले.

"प्लास्टिक जिथं टेकेल तिथं जाळेल. कापड हवं. जाड."

दिवस मावळायच्या आत काय काय गोळा झालं! काकांची गोधडी, माझ्या दुकानातली टेबलावरची कापडं, दाराचा कापसाचा पडदा. शिचाई मान खाली घालून आला आणि न सांगता शिडीवर चढला. त्याला तेवढं प्रायश्चित्त हवंच होतं. तरी वरचा घेर उघडाच राहिला. काका घरात गेले. कुलूप फोडल्याचा आवाज आला. मग ते दोन उशांच्या मध्ये लाल साटिनच्या रजया धरून बाहेर आले. लग्नातल्या. ड्रॅगन आणि फिनिक्स, जोडीनं पोहणारी बदकं, सगळं भरतकाम अजून कोरं करकरीत.

"काका," मी म्हणाले, "विचार करा. काकू जीव घेतील."

"जीव घ्यायला तरी येईल," काका म्हणाले आणि रजया वर दिल्या.

अंधार पडता पडता ते झाड नव्या नवरीसारखं लालेलाल होऊन उभं होतं. मी फोटो काढला, या वेळी पूर्ण झाडाचा, आणि काकूंना पाठवला. का पाठवला ते मला विचारू नका. काकांचं काही सांगणं नव्हतं, माझ्या मनात आलं, पाठवला.

घोटभर चहा प्यायचाही वेळ गेला नसेल. फोन किंचाळला. "हुइलान! झाडावर काय आहे ते? बदकं आहेत का? माझी बदकं आहेत ती! त्या म्हाताऱ्याला सांग, रजईला बोट लावू नकोस! मी येते!"

फुलासाठी जी बाई वर्षभर हलली नाही, ती रजईसाठी पहिल्या बसला बसली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर आम्ही रजया उतरवून दोरीवर टाकल्या. शेंड्याची काही फुलं काळवंडली होती, बाकी सगळी ताजी होती. काका अंघोळ करून, स्वच्छ कोट घालून, उशा लावून अंगणाच्या दारात उभे. बस थांबली. काकू उतरल्या आणि काकांच्या अंगावरून वाऱ्यासारख्या पुढे गेल्या, थेट दोरीपाशी.

"हे बघ! इथं डाग! इथं फांदीचं खरबडलंय! माझ्या आईनं डोळे फोडून भरलं होतं हे, आणि तू झाडाला पांघरतोस? स्वतःला नाही, बायकोला नाही, झाडाला?"

"हो," काका म्हणाले.

"हो काय हो? टाके उसवलेस का परत?" त्यांनी रजई उलटी केली, सुलटी केली. टाके शाबूत होते. त्यांना ते पटेना. रजई दोरीवरून बाजूला सारली, आणि तेव्हा त्यामागचं झाड त्यांच्यासमोर आलं.

काकूंचा हात रजईवरच राहिला. मी रस्त्यापलीकडून बघत होते आणि माझं रश्श्याचं पातेलं उतू जात होतं. त्या वर बघत होत्या, कुरळे केस आता अर्धे सरळ झालेले, तोंड थोडं उघडं. मग म्हणाल्या, "अर्धंच आहे."

काकांनी सगळं सांगितलं. दाढ, बोळा, शिचाई, शिडी. मध्ये मध्ये शिचाई भिंतीवरून म्हणत होता, "माझीच चूक, काकू."

"आणि मग उरलेलं तू सारखं नाही केलंस?"

काकांनी दोन्ही उशा वर करून दाखवल्या.

काकूंनी त्या उशांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग रुक्षपणे म्हणाल्या, "बघितलं. बरं आहे. मला संध्याकाळच्या बसनं जायचंय. नातवाची शाळा आहे, बुधवारी नाच आहे."

"जा," काका म्हणाले. "नाच चुकवू नकोस." एवढंच बोलले, पण तेवढं बोलताना त्यांचा आवाज कसा झाला ते मी ऐकलं. मला त्या क्षणी काकूंचा राग आला. मी गरम पाण्याचा थर्मास आणि दोन पेले घेऊन गेले, निदान काहीतरी निमित्त.

घरात एक फेरी मारून काकू खालच्या फांदीजवळ स्टुलावर बसल्या. रस्त्याकडचीच ती फांदी, पण भिंतीच्या सावलीत, म्हणून तिथल्या कळ्या अजून मिटलेल्या होत्या. बसल्या बसल्या त्यांनी घराचा पंचनामा सुरू केला. खिडकीवर धूळ. पलंगावर ओला टॉवेल. चप्पल कुठं काढलीय ही. पेटीचं कुलूप कोण भरून देणार. कोट धुतलास पण कॉलर तशीच. काका समोर उभे राहून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, आणि चेहऱ्यावर असं समाधान की जणू कुणी गाणं म्हणतंय. बोलता बोलता काकू मध्येच फुलांकडे बघायच्या, मध्येच नाक पुसायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या.

मी पाणी ओतत होते. काकांनी अचानक हात वर करून मला थांबवलं. ते काकूंच्या मांडीकडे बघत होते. मीही पाहिलं. काकूंच्या मांडीवर, नव्या शहरी कोटावर, कळ्यांचा छोटा ढीग झाला होता. त्यांचा उजवा हात वर फांदीकडे गेला होता. अंगठा आणि तर्जनी. फांदीला धक्का नाही.

"...आणि त्या भांड्याला बुडाशी किती काजळी—" आम्ही कुठं बघतोय ते काकूंना जाणवलं. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. हातात कळी होती. मग मांडीकडे पाहिलं.

 भिंतीपलीकडे शिचाईनं एकदा नाक ओढलं.

काकांनी डाव्या हाताची नाडी दातात धरली आणि गाठ सोडली. उजवी पण दातांनीच सोडली. मानेतली दोरी काढली आणि दोन्ही हातमोजे त्यांनी काकूंपुढे धरले. टोमणा मारला नाही, हसलेही नाहीत. नुसते धरून उभे राहिले.

काकू हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते थांबेना. त्यांनी हातमोज्यात हात घातला आणि नाडी बांधायला मनगट माझ्यापुढे केलं. तेवढ्यात काकांचा मोकळा हात सवयीनं फांदीकडे जायला निघाला. काकूंनी मोजा घातलेल्या हातानं त्यावर फटकन मारलं, आणि तो आपल्या मांडीवर दाबून धरला.

"हुइलान," त्या म्हणाल्या, "आणखी एक जोड शिव गं. माझ्या मापाचा."